दालनातून जाणारी वाट

कारभारी मिस्टर पिम थर्झा बेडोजच्या दाराशी आला, तेव्हा तिचा नवरा ईनॉक आतल्या खोलीत मरून पडलेला होता आणि थर्झा त्याला आंघोळ घालायला पाणी तापवत होती. पिमनं टोपी काढली. फार वाईट झालं म्हणाला, ईनॉकसारखा माणूस पुन्हा होणे नाही म्हणाला, आणि श्वासही न घेता कामाचं बोलायला लागला.

"दफन गुरुवारी ना, मिसेस बेडोज? मग खांदेकऱ्यांसाठी भुयाराच्या तोंडाशी टेबल मांडायला सांगतो. थंड मांस, पाव, बिअर, नेहमीसारखं. साहेब म्हणालेत, ईनॉकसाठी पिंप जरा मोठं काढा."

"भुयार कशाला?" थर्झा म्हणाली.

"कशाला म्हणजे?"

"आम्ही दालनातून जाणार. पुढच्या दारानं आत, मागच्या दारानं बाहेर. वाट तिथूनच आहे."

पिमला वाटलं, बाई दुःखानं भ्रमिष्ट झाली. तो हसला, मग आपण मयताच्या घरी हसलो हे लक्षात येऊन खोकला.

आता हे दालन काय आणि भुयार काय, हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर थर्झा उगाच भांडकुदळ वाटायची. भांडकुदळ ती होतीच, पण उगाच नव्हे.

आमची वस्ती खाली ओढ्याकाठी. चर्च पलीकडे, उंचवट्यावर. आणि बरोबर दोन्हींच्या मध्ये ऑल्डनहोप कोर्ट, म्हणजे साहेब ड्रेकॉटांचं घर, पाय पसरून बसलेलं. चर्च आधीचं, वाट आधीची, ड्रेकॉट मंडळी मागाहून आली. लोकरीत पैसा केलेला पहिला ड्रेकॉट इथं आला आणि त्यानं नेमकं वाटेवरच घर बांधलं. एवढ्या मोठ्या श्रॉपशरमध्ये त्याला दुसरी जागा मिळाली नाही! गावानं विचारलं, बाबा रे, आमची मयतं चर्चला न्यायची कुठून? तो म्हणाला, माझ्या घरातून न्या. तेव्हाची घरं लाकडाची असायची, आणि पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत एक सरळ बोळ असायचा, एका अंगाला स्वयंपाकघर, दुसऱ्या अंगाला बसायची जागा. त्या बोळातून गावची मयतं जायला लागली. खांदेकरी दारावर थाप मारायचे. आतून विचारायचे, "कोण चाललंय?" बाहेरून सांगायचे, "इथलाच माणूस." की दार उघडायचं. ह्याचा कागदबिगद कुठंही नाही. पण गरजच काय होती? सगळ्यांनाच माहीत होतं.

पुढं दोनेकशे वर्षांनी एक ड्रेकॉट इटली बघून आला आणि त्याचं डोकं फिरलं. त्याला आपल्या लाकडी घराची लाज वाटायला लागली. घर पाडायला पैसे पुरेनात, म्हणून त्यानं जुन्या घराच्या अंगावर दगडी कातडं चढवलं, जेमतेम वीतभर जाडीचं. पुढं उंच खांब, खांबांवर त्रिकोणी कपाळ. डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी हवी, म्हणून जिथं आत धुराडं होतं तिथं बाहेरून खोट्या खिडक्या, चुन्याच्या गिलाव्यावर रंगवलेल्या. लांबून बघणाऱ्याला राजवाडा वाटतो. आतमध्ये तेच जुने वाकडे वासे. बडा घर पोकळ वासा म्हणतात, ते आमच्याकडे शब्दशः बघायला मिळतं.

जुना बोळ रुंदावून त्याचं दालन केलं. काळा-पांढरा संगमरवर आणला. पण वाटेचे दगड उखडायचे म्हटल्यावर गाव दारात येऊन उभं राहिलं. हात लावायचा नाही म्हणाले. शेवटी वाट तशीच राहिली. नव्या दालनाच्या मानानं ती तिरकी पडते, त्यामुळं त्या चकचकीत फरशीतून मधूनच करड्या, खडबडीत दगडांची एक तिरपी पट्टी जाते, ह्या दारापासून त्या दारापर्यंत. आराखडा काढणारा लंडनचा माणूस ती बघून रडला होता म्हणे. रडू दे. तिच्यावर ड्रेकॉटांनी गालिचा टाकला आणि तिथं काही नाहीच असं दाखवायला लागले.

आणि मग आले आताच्या साहेबांचे, सर जर्व्हिसचे, आजोबा. त्यांना नोकर डोळ्यांसमोर दिसलेले खपायचे नाहीत. कोळसा हवा, दूध हवं, इस्त्रीच्या चादरी हव्यात, पण ते आणणारी माणसं नकोत. त्यांनी खालच्या अंगणापासून हिरवळीच्या पोटातून थेट चर्चच्या बाजूपर्यंत भुयार खणलं. सगळ्या नोकरांनी त्यातून ये-जा करायची. आणि एकदा भुयार झाल्यावर म्हातारा गावाला गोड बोलून म्हणाला, मयतं तरी चढावरून, पावसातून कशाला नेता? भुयारातून न्या, खांदेकऱ्यांना मांस आणि बिअर मी देतो. आणि आमच्या शहाण्यांनी घेतली की बिअर! राजानं मागितली असती तर दिली नसती ती वाट एका पिंपावर दिली. पन्नास वर्षं झाली, दालनातून एकही शवपेटी गेली नव्हती.

थर्झा बाराव्या वर्षी कोर्टाच्या धुणेघरात लागली. दिवसभर भुयारातून टोपल्या वाहायच्या. जाताना मळक्या, येताना धुतलेल्या. भुयारात बारमाही ओल, भिंतींना बुरशी, आणि मध्यावर छतातून गटाराचा पाट आडवा गेलेला, तिथं छत इतकं खाली की मोठ्या माणसाला कमरेत वाकल्याशिवाय पुढं जाता येत नाही. एका हिवाळ्यात भुयारात पाणी भरलं. सगळ्या पोरी टोपल्या घेऊन वाट बघत बसल्या. थर्झानं टोपली डोक्यावर घेतली आणि भर दुपारी हिरवळीवरून, सगळ्या खिडक्यांसमोरून, आरामात चालत गेली. घराची व्यवस्था बघणारी बाई धावत आली.

"तुला लाज नाही वाटत? वर पाहुणे बसलेत!"

"चादर पाहुण्यांच्या अंगाखाली चालते, मग चादर धुणारी डोळ्यांसमोर का नाही चालत?" थर्झा म्हणाली.

तिची दोन महिन्यांची रविवारची सुट्टी गेली. पण पोरींनी ते वाक्य पाठ करून ठेवलं.

ईनॉक छपरावरचा माणूस. कोर्टाचं छप्पर शिशाच्या पत्र्यांचं. उन्हानं ते ताणतं, थंडीनं फाटतं, आणि रोज कोणीतरी वर जाऊन ते ठोकत, सांधत बसलं नाही तर खालचे सगळे ड्रेकॉट भिजून जातील. ईनॉकनं जन्मभर तेच केलं, आणि मधूनमधून त्या खोट्या खिडक्याही रंगवल्या. पन्हळी साफ करताना तो शेवाळ खाली भिरकावायचा, ते थेट थर्झाच्या वाळत घातलेल्या चादरींवर पडायचं. तिसऱ्यांदा पडलं तेव्हा ती शिडी चढून वर गेली.

"आंधळा आहेस का रे?"

"नाही," ईनॉक म्हणाला. "चांगलं दिसतं मला. म्हणून तर नेम बसतो."

झालं. वर्षभरात लग्न झालं. शिडी चढून गेली त्या दिवशीच छपरावरून तिनं त्या दगडी कपाळाची मागची बाजू बघितली. मागं काहीच नव्हतं, नुसत्या लाकडी टेकूंवर उभं होतं ते. तिला इतकं हसू आलं की ईनॉकला तिचा हात धरून ठेवावा लागला. तेव्हापासून कोणी ड्रेकॉट अंगावर ओरडला की तिला ते टेकू आठवायचे आणि भीती वाटायची बंद व्हायची.

ईनॉक मात्र गरीब गाय. साहेबांपुढं मान खाली, पिमपुढं मान खाली. त्या घराचं छप्पर जन्मभर त्याच्या पायाखाली होतं, पण पुढच्या दाराचा उंबरठा त्यानं कधी ओलांडला नव्हता. ओलांडावा असं त्याला वाटलंही नसेल. थर्झाला मात्र वाटायचं, आणि त्याला कारण तिची आई.

तिची आई गेली तेव्हा पेटी भुयारातूनच नेली. थर्झा मागं चालत होती. मध्यावर छत खाली आलं तसे खांदेकरी वाकले, कंदील हलला, पेटीचं झाकण दगडाला खरवडलं. तो आवाज तिनं ऐकला. तिची आई दोन नवरे पुरलेली, चार पोरं एकटीनं वाढवलेली बाई. मोडेन पण वाकणार नाही ह्या जातीची. जिवंतपणी जी कधी वाकली नाही तिला मेल्यावर वाकवलं ह्यांनी. आणि भुयाराच्या तोंडाशी खांदेकरी ओठाचा फेस पुसत म्हणत होते, बिअर यंदा बरी आहे हो! थर्झानं तिथंच ठरवलं की माझ्या घरचं दुसरं माणूस ह्या बिळातून जाणार नाही.

तर असं हे सगळं. आणि आता पिम दारात खोकत उभा होता.

"मिसेस बेडोज, जरा समजून घ्या. गुरुवारी दुपारी साहेबांकडे पाहुणे जेवायला येताहेत. त्यांच्या मुलीचं, मिस सिसिलीचं लग्न ठरतंय. मुलाकडची मंडळी आहेत, फार मोठी माणसं. त्यांच्यासमोर दालनातून प्रेत न्यायचं? हवं तर शुक्रवारी करा."

"शुक्रवारी केलं तर दालनातून न्याल?"

पिम पायरीवर बूट पुसायला लागला.

"मग गुरुवारीच," थर्झा म्हणाली. "माझा नवरा मेलाय, मिस्टर पिम. मी त्याला तुमच्या जेवणाच्या वेळा विचारून मरायला सांगायला हवं होतं का?"

पिमचा चेहरा लाल झाला. तुम्ही-बिम्ही गळून पडलं. "हे बघ थर्झा, हे घर इस्टेटीचं आहे. खांदेकऱ्यांची घरंही इस्टेटीचीच आहेत. तुझ्यापायी कोणाकोणाला बेघर करणार आहेस, त्याचा विचार कर."

"दार लावून घ्या जाताना," थर्झा म्हणाली. "पाणी निवतंय."

पिम तिथून निघाला तो थेट खांदेकऱ्यांच्या घरोघर गेला. संध्याकाळपर्यंत गावातल्या झाडून सगळ्या पुरुषांच्या पाठी दुखायला लागल्या. एकाचा खांदा निखळला, एकाला दुसऱ्या दिवशी लडलोच्या बाजारात बैल न्यायचा होता. शेवटी सुतार जोब राउली आला. पेटी त्यानंच केली होती, एल्मच्या लाकडाची, अगदी मनापासून. ईनॉकचा जिवलग होता तो.

"थर्झा, अगं, भुयार काय वाईट आहे? गेलेल्या माणसाला काय कळतंय?"

"मला कळतंय ना."

"खाल्ल्या मिठाला जागावं लागतं गं. माझी सहा पोरं त्यांच्या छपराखाली झोपतात."

"आणि त्यांच्या डोक्यावरचं छप्पर राखलं कोणी, जोब?" थर्झा म्हणाली.

जोब पेटी ठेवून, खिळे मोजायच्या मिषानं डोळे पुसून निघून गेला. थर्झाला त्याचा राग आला आणि कीवही आली. सहा पोरं होती हे खरंच होतं. पण मग पेटी उचलायची कोणी? त्या रात्री पहिल्यांदा तिला वाटलं की आपण हरणार. एकटी बाई काय, नवऱ्याला फरफटत नेणार होती?

सकाळी ती धुणेघरात गेली. रजा होती तिला, पण घरात बसवेना. हंड्यांखाली जाळ पेटलेला, पाहुण्यांच्या खोल्यांच्या चादरी साबणाच्या पाण्यात भिजत पडलेल्या. तिच्या हाताखालच्या बायका तिला बघून थांबल्या. डॉर्कस प्यू नावाची एक होती, दाराएवढी रुंद, तोंडाची फाटकी. ती म्हणाली, "ऐकलं आम्ही. पाठी दुखताहेत म्हणे पुरुषांच्या."

"दुखताहेत."

"आमच्या नाही दुखत," डॉर्कस म्हणाली. तिनं हंड्यातून एक ओली चादर काढली, दुसऱ्या टोकाला एक पोरगी उभी राहिली, आणि दोघींनी मिळून ती अशी पिळली की शेवटचा थेंब निघाला. "ओली चादर ईनॉकपेक्षा जड असते, बाई. आणि तो तर आजारात नुसता काडी झाला होता."

थर्झा मट्कन पाटावर बसली आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदा रडली, मोठ्यानं, नाक ओढत. बायकांनी तिला रडू दिलं. मग डॉर्कसनं विचारलं, "उजव्या अंगाला कोण, डाव्या अंगाला कोण, ते तेवढं सांग."

गुरुवारी सहा बायका काळे झगे आणि कामाचे जाड बूट घालून ईनॉकला घेऊन चढ चढल्या. रस्त्यात पिमनं त्यांना गाठलं.

"परत फिरा! एकीचंही काम राहणार नाही, सांगून ठेवतो!"

"पाहुण्यांच्या चादरी सगळ्या पाण्यात आहेत, मिस्टर पिम," डॉर्कस पेटीखालून म्हणाली. "आम्हाला काढलंत तर आज पिळणार कोण? तुम्ही? बाह्या वर करा मग."

पुढचं दार बंद होतं. नुसतं लोटलेलं नव्हे, आतून कडी घातलेलं. थर्झानं थाप मारली. आतून कोणी विचारलं नाही, कोण चाललंय म्हणून. तरी तिनं मोठ्यानं सांगितलं, "इथलाच माणूस." काही हाललं नाही. वरच्या मजल्यावर एक पडदा तेवढा सरकला आणि पुन्हा पडला.

"आता?" डॉर्कस म्हणाली.

"खाली ठेवा."

त्यांनी पेटी उंबरठ्यासमोर, दोन खांबांच्या मधोमध ठेवली. थर्झा पायरीवर बसली. बायका बसल्या. एकीनं खिशातून पाव आणि चीज काढलं आणि सगळ्यांत वाटलं. चर्चची घंटा वाजायला लागली, वाजून वाजून थांबली. पिम येरझाऱ्या घालत होता.

"किती वेळ बसणार आहेस इथं?"

"दार उघडेपर्यंत."

"आणि नाहीच उघडलं तर?"

"आम्हाला घाई नाही," थर्झा म्हणाली. पेटीवर हात ठेवून म्हणाली, "आणि ह्याला तर मुळीच नाही."

एक बाई फिसकन हसली आणि तोंडात पदर कोंबावा तशी एप्रनचं टोक कोंबून बसली. पिम मागच्या दारानं आत पळाला. काय बोलणं झालं देव जाणे, पण तेवढ्यात खालच्या फाटकातून मोटारीचा भोंगा ऐकू आला. मुलाकडची मंडळी! कडी निघाली आणि दारात सर जर्व्हिस स्वतः उभे राहिले, जेवणाच्या पोशाखात, कपाळावर घाम.

"मिसेस बेडोज," ते खालच्या आवाजात म्हणाले, "ठीक आहे. या. पण लवकर. चटकन आत, चटकन बाहेर."

थर्झा उठली, पण आत गेली नाही. दारातून तिनं फरशीकडं बघितलं.

"गालिचा काढा," ती म्हणाली.

"काय?"

"वाट त्याच्याखाली आहे. आम्ही वाटेनं जाणार. गालिच्यावरून गेलो तर उद्या म्हणाल, साहेबांनी उपकार म्हणून दालनातून जाऊ दिलं."

सर जर्व्हिसनी फाटकाकडं बघितलं. मोटार चढाला लागली होती. "हे अति होतंय."

"मग बसते," थर्झा म्हणाली आणि पुन्हा पायरीवर टेकली.

बटलर म्हातारा, त्याला एकट्याला तो गालिचा हलेना. बाकीचे नोकर स्वयंपाकघराकडं. पिम टोक ओढायला लागला तर टोक त्याच्या हातातून निसटलं. शेवटी सर जर्व्हिस गुडघ्यांवर बसले आणि स्वतःच्या हातांनी गालिचा गुंडाळायला लागले. त्याच वेळी मोटार येऊन थांबली. मुलाकडची मंडळी खाली उतरली. त्यांना काय दिसलं? पायरीवर पेटी, पेटीभोवती धुणेघरातल्या बायका, आणि आत घरचे मालक रांगताहेत. पेटी दिसल्यावर पुरुषांनी टोप्या काढल्या, तशाच हातात धरून खडीवर उभे राहिले.

"उचला," थर्झा म्हणाली.

तिनं पहिलं पाऊल टाकलं. करडे दगड मधोमध झिजून खोलगट झालेले होते, किती माणसांच्या पायांनी कोण जाणे. बुटांचा आवाज दालनभर घुमला. तिच्या छातीत राग होता आणि त्या रागात आनंद होता, इतका की तिला स्वतःचीच भीती वाटली. पूर्वीच्या सगळ्या ड्रेकॉटांची चित्रं भिंतींवरून बघत होती. बघू देत! दालनाच्या मध्यावर तिनं हात वर करून बायकांना थांबवलं. सर जर्व्हिस भिंतीशी उभे होते, गुडघ्यांना धूळ.

"वर बघा, साहेब," ती म्हणाली. "छताला एक डाग आहे का? एवढी वर्षं ह्यानं तुमच्या डोक्यावर एक थेंब गळू दिला नाही. तुम्ही त्याला कधी आत बोलावलं नाहीत. म्हणून आज मी घेऊन आले."

सर जर्व्हिसनी खरंच वर बघितलं. त्यांच्या उत्तराची थर्झानं वाट बघितली नाही. मागचं दार बटलरनं उघडलं आणि ईनॉक बेडोज त्या घरातून सरळ उजेडात बाहेर पडला, कुठंही न वाकता.

चर्चच्या फाटकाशी गावातले पुरुष उभे होते. जोब पुढं आला, खांदा द्यायला.

"आता दे माझ्याकडे, डॉर्कस."

"पाठ बरी झाली का रे?" डॉर्कस म्हणाली. "सरक बाजूला. इतकं आणलं ते पुढचंही नेऊ."

जोबचा चेहरा बघून थर्झाला राहवलं नाही. "येऊ दे त्याला," ती म्हणाली. "पेटी त्यानं केलीय. पण तू पुढं नाही, जोब. मागं राहा." आणि जोब मागं राहिला.

सगळ्यांना वाटत होतं, दुसऱ्याच दिवशी थर्झाचं सामान रस्त्यावर येणार. नाही आलं. पंधरा दिवस गेले. मुलाकडची मंडळी लग्नाला हो म्हणाली, चादरी धुतल्या गेल्या, कोणाला कामावरून काढलं नाही. गाव म्हणायला लागलं, साहेब मनानं मोठे हो! मग एका सकाळी पिम आला, टोपी हातात, आवाजात लोणी.

"मिसेस बेडोज, साहेबांना तुमची काळजी वाटते. हे घर ओढ्याकाठचं, ओल फार. ईनॉकची छाती ह्या ओलीनंच गेली. चर्चजवळचं ते दगडी घर आहे ना, बाग असलेलं? ते तुम्हाला द्यायचं म्हणताहेत. जन्मभर. भाडं नाही, काही नाही. खिडकीत बसलात की ईनॉकचं थडगं समोर दिसेल."

ते घर तिनं कितीदा बघितलं होतं. दक्षिणेकडं तोंड, सफरचंदाची दोन झाडं, कोरडी जमीन, दाराशी विहीर. तिचे गुडघे दुखायचे; ओढ्याकाठच्या थंडीत ते रात्रभर ठणकायचे. आणि ईनॉक समोर. रोज सकाळी उठून त्याला बघता येईल. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पिमला ते दिसलं, आणि त्याला वाटलं, जमलं.

"साहेबांनी स्वतः सुचवलं हे?" तिनं विचारलं.

"स्वतः. मुद्दाम."

"आणि नाही म्हटलं तर?"

पिमनं टोपी फिरवली. "तर मग... हे घर मात्र इस्टेटीला लागणार आहे. दुरुस्तीला."

"बरं," थर्झा म्हणाली. "खाली वस्तीतच लोहाराच्या भट्टीवर एक खोली रिकामी आहे. भट्टी त्याच्या मालकीची आहे, तुमची नाही. तिथं जाते."

"भट्टीवर? त्या धुरात? अहो, बागेचं घर सोडून?" पिमला खरंच कळेना. "तुम्ही म्हाताऱ्या होत चालल्यात, मिसेस बेडोज. शेवटचे दिवस तरी सुखात काढा. उद्या काही झालं तर चर्च दोन पावलांवर."

"तेच तर," थर्झा म्हणाली. "घर तुमच्या साहेबांनी फार विचार करून निवडलंय. ते कोर्टाच्या पलीकडं, चर्चच्या बाजूला आहे. मी तिथं मेले, तर तुमच्या दारातून जाणार कशी?"